कॉव्हेंट्रीची ‘स्पेशल्स’ मंडळी

गाण्याने काही होते काय, हा प्रश्न चळवळीत वावरणाऱ्या माणसाला वारंवार ऐकावा लागतो. द्वारसभेच्या आधी आमचे कार्यकर्ते डफावर दोन गाणी म्हणतात, माणसे गोळा होतात, मग भाषणे सुरू होतात. अशीच एक सभा आटोपल्यावर एका जुन्या कामगाराने आम्हांला विचारले, “गाणे ऐकून माणसे जमली हे खरे. पण गाण्याने महागाईभत्त्यात एक पैसा तरी वाढला काय?” आम्ही त्या वेळी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. आज ज्या मंडळीची हकीकत येथे सांगावयाची आहे, ती या प्रश्नाचा विचार करतानाच आम्हांला भेटली.

मंडळी परदेशची आहे, इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरची. तिचे नाव ‘द स्पेशल्स’. ती जे संगीत वाजवीत असे त्याला ‘स्का’ म्हणतात. संगीत हा आमच्या अभ्यासाचा विषय नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. आम्हांला सूर कळत नाही, ताल थोडासा कळतो, आणि करारनामा बऱ्यापैकी कळतो. तेव्हा या मंडळीकडे आम्ही पाहणार ते मुख्यतः कामगार या नात्याने. वाजविणारा हाही हाताने काम करणारा माणूस आहे. त्यालाही मालक असतो, उचल असते, आणि त्याच्याही श्रमाचे फळ कोणाच्या तरी गुदामात जाऊन पडते.

प्रथम त्या शहराची ओळख करून घेऊ. कॉव्हेंट्री हे इंग्लंडच्या मध्यभागातील यंत्रकारागिरांचे गाव. सायकली, घड्याळे, मोटारी आणि यंत्रे बनविणारी यंत्रे, हा त्याचा धंदा. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी या शहरावर बाँबवर्षाव करून त्याचा मध्यभाग व जुने कॅथीड्रल उद्ध्वस्त केले. युद्धानंतर शहर पुन्हा उभे राहिले आणि मोटारीच्या धंद्याला भरती आली. १९४१ साली तेथे एक करार झाला होता. हत्यारघरातल्या कुशल कारागिरांचे वेतन उत्पादनखात्यातल्या कुशल कामगारांच्या सरासरी कमाईपेक्षा खाली जाऊ नये, असे त्यात ठरले होते. हा करार १९७१ पर्यंत टिकला. पन्नास आणि साठ या दशकांत कॉव्हेंट्रीचा कामगार हा सगळ्या ब्रिटनमधल्या चांगल्या पगाराच्या कामगारांत मोडत असे. साहजिकच चोहोकडून माणसे तेथे आली : आयर्लंडहून, जमैकाहून आणि आपल्या पंजाबातून. हिंदी मजुरांची ‘इंडियन वर्कर्स असोसिएशन’ ही संघटना पहिल्याने स्थापन झाली ती याच शहरात, १९३८ साली. म्हणजे हे गाव आपल्याला वाटते तितके परके नाही.

सत्तरीच्या दशकात भरती ओसरली. कारखान्यांतून माणसे कमी होऊ लागली. १९८० साली कॅनली येथील ट्रायम्फ मोटारींची जुळणी बंद पडली. काम गेले की माणूस दोन गोष्टी करतो. एक तर तो कारणाचा शोध घेतो, नाही तर शेजाऱ्याचा दोष काढतो. दुसरी गोष्ट सोपी असते. रंगाने वेगळ्या माणसाकडे बोट दाखवून मते मागणारा ‘नॅशनल फ्रंट’ पक्ष त्या काळात ब्रिटनमध्ये बराच बळावला होता. १९७६ साली बर्मिंगहॅमच्या एका मैफलीत एका विख्यात गोऱ्या गिटारवादकाने परकीयांविरुद्ध भर मंचावरून उद्गार काढले, आणि त्याचा निषेध म्हणून त्याच वर्षी ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही वाजविणाऱ्यांची आणि ऐकणाऱ्यांची चळवळ उभी राहिली. स्पेशल्सच्या जन्माच्या वेळची हवा ही अशी होती.

आता ‘स्का’ म्हणजे काय, ते पाहू. हे संगीत जमैका बेटावरचे. १९५० नंतर तेथील शहरवस्तीत गाडीवर मोठाले कर्णे लादून अमेरिकन तबकड्या वाजविणारी मंडळी असत. लोक उघड्या अंगणात त्यांवर नाचत. पुढे या कर्णेवाल्यांनी स्थानिक वादकांना बोलावून आपल्याच तबकड्या काढल्या, आणि १९६० च्या सुमारास त्यांतून स्का जन्मला. १९६२ साली जमैका स्वतंत्र झाली, तेव्हा त्या आनंदोत्सवाचे संगीत हेच होते. त्याची खूण समजण्यास वाद्य नको, हात पुरे. तोंडाने सावकाश म्हणावे : एक आणि, दोन आणि, तीन आणि, चार आणि. आपण सामान्यतः आकड्यावर टाळी देतो. आता टाळी ‘आणि’वर द्यावी. पहिल्याने हात चुकतो. चारदोन आवर्तनांनंतर पाय आपोआप उचलू लागतात. स्कामध्ये गिटार आणि पियानो हे त्या ‘आणि’वर तुटक आघात करतात, खालचे जाड तारेचे वाद्य आकड्यांवर चालत राहते, आणि वरून ट्रम्पेट-ट्रॉम्बोन गातात. चालणारा आणि उडी मारणारा असे दोघे एकमेकांचा हात धरून निघाले आहेत, असा त्याचा परिणाम होतो.

हे संगीत ब्रिटनमध्ये आले ते बोटीतून. १९४८ च्या जून महिन्यात ‘एम्पायर विंडरश’ ही बोट वेस्ट इंडीजच्या माणसांना घेऊन टिलबरी बंदराला लागली. त्यानंतर बस चालविण्यासाठी, इस्पितळांत शुश्रूषा करण्यासाठी आणि कारखान्यांत राबण्यासाठी हजारो माणसे आली. त्यांच्या मागोमाग त्यांच्या तबकड्याही आल्या. गोऱ्या कामगारांच्या पोरांनाही त्यांची गोडी लागली. रिको रॉड्रिग्ज हा ट्रॉम्बोनवादक १९६१ साली जमैकाहून इंग्लंडात आला. १९६७ साली डँडी लिव्हिंगस्टन याच्या ‘रूडी’वरील गाण्यात तो वाजला, आणि बारा वर्षांनी त्याच गाण्याच्या स्पेशल्सच्या आवृत्तीतही पुन्हा तोच वाजला. दोन पिढ्यांना जोडणारा सांधा म्हणून हा एक माणूस लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मंडळीची स्थापना १९७७ ची. तिचा मूळ पुरुष जेरी डॅमर्स. हा पेटीवाला, म्हणजे ऑर्गन वाजविणारा आणि बहुतेक गाणी रचणारा. एका पाद्र्याचा हा मुलगा. याचा जन्म १९५५ साली आपल्या उटकमंडचा. कॉव्हेंट्रीच्या तंत्रशिक्षणसंस्थेत कलेचे शिक्षण घेताना त्याला हॉरेस पँटर भेटला. जमैकात जन्मलेला लिनव्हल गोल्डिंग गिटार घेऊन आला. पुढे गायक टेरी हॉल, गिटारवाला रॉडी बायर्स, जमैकातच जन्मलेला नेव्हिल स्टेपल आणि ताशा-ढोलांवर जॉन ब्रॅडबरी, अशी सात माणसांची जुळणी झाली. दोन काळे, पाच गोरे. आरंभी ते एक गाणे पंक धाटणीचे आणि दुसरे जमैकन धाटणीचे वाजवीत, आणि श्रोत्यांचे पाय मध्येच अडखळत. तेव्हा डॅमर्सने जुना स्का हाती घेतला, कारण त्याची चाल जलद आणि पंकची घाईही त्यात सामावणारी. १९७८ साली ‘द क्लॅश’ या नावाजलेल्या मंडळीच्या दौऱ्यात त्यांना आधी वाजविण्याची संधी मिळाली आणि नाव चार गावांत गेले.

येथून पुढे आमच्या जिव्हाळ्याचा विषय सुरू होतो. त्या काळी तबकडी काढावयाची म्हणजे लंडनच्या मोठ्या कंपनीच्या दारात उभे राहावे लागे. पण १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या पोरांनी ५०० पौंड उसने घेऊन आपली तबकडी आपणच काढली होती, आणि लंडनच्या ‘रफ ट्रेड’ या दुकानाने असल्या तबकड्या गावोगाव पोचविण्याची सोय सुरू केली होती. कंपनी टाळूनही काम होते, हे लोकांच्या ध्यानात आले होते. स्पेशल्सनी तोच मार्ग धरला. उसनवारी करून त्यांनी ‘गँगस्टर्स’ हे गाणे मुद्रित केले. दुसऱ्या बाजूसाठी पैसे उरले नाहीत. म्हणून त्याच शहरातील निओल डेव्हिस याची तयार असलेली एक वाद्यरचना त्या बाजूवर घातली, आणि त्या रचनेच्या नावावरूनच पुढे ‘द सिलेक्टर’ ही दुसरी मंडळी उभी राहिली. पैशाच्या टंचाईतून एक नवी संघटना जन्मावी, हे आम्हां चळवळ्यांना अगदी ओळखीचे आहे. तबकडीच्या कागदी पाकिटांवर त्यांनी रबरी शिक्के आपल्या हातांनी मारले. १९७९ च्या उन्हाळ्यात ती तबकडी देशाच्या खपाच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेली.

या संस्थेला त्यांनी नाव दिले ‘टू टोन’, म्हणजे दोन छटा. काळ्या-पांढऱ्या चौकटींची पट्टी आणि काळा कोट, पांढरा सदरा, बारीक टाय घातलेला एक उभा माणूस, ही तिची खूण. खूण इतकी सोपी की शाळेतले पोर वहीच्या कोपऱ्यात ती काढू शके. संघटनेचा बिल्ला कसा असावा याचा हा धडाच म्हणावा.

आता मोठ्या कंपन्या दारात आल्या. स्पेशल्सनी ‘क्रिसॅलिस’ कंपनीशी करार केला. पण एक अट घालून. आमची मंडळी तर घ्याच, पण ‘टू टोन’ हे आमचे नाव कायम राहील, आणि दुसऱ्या कोणाच्या तबकड्या त्या नावाखाली काढावयाच्या ते आम्ही ठरवू. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. ज्या मंडळींची तबकडी त्यांनी काढली, त्यांना बांधून ठेवले नाही. ‘मॅडनेस’ ही लंडनची मंडळी एक तबकडी काढून दुसऱ्या संस्थेकडे गेली. बर्मिंगहॅमच्या ‘द बीट’नेही तसेच केले आणि आपली स्वतःची संस्था थाटली. ‘बॉडीस्नॅचर्स’ ही संपूर्ण बायकांची मंडळीही येथूनच पुढे आली. १९७९ च्या शरदात स्पेशल्स, सिलेक्टर आणि मॅडनेस एकत्र दौऱ्यावर निघाले, आणि त्या ८ नोव्हेंबरला बी.बी.सी.च्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात तिन्ही मंडळी एकाच रात्री दिसल्या. त्यांची पहिली मोठी तबकडी त्याच वर्षी निघून चौथ्या क्रमांकावर गेली, आणि १९८० च्या आरंभी ‘टू मच टू यंग’ पहिल्या क्रमांकावर पोचले.

पण नाव आपले असणे आणि तिजोरी आपली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या धंद्याची रीत समजून घेतल्यावाचून पुढची कथा कळणार नाही. कंपनी मंडळीला आगाऊ रक्कम देते. ऊसतोडीला जाणारे आपले बांधव मुकादमाकडून उचल घेतात, तीच ही. समजा, एका मंडळीला एक लाख रुपये उचल मिळाली आणि तबकडीमागे तिचा वाटा दहा रुपये ठरला. मग दहा हजार तबकड्या खपेपर्यंत तिच्या हाती नवा पैसा येत नाही. शिवाय मुद्रणशाळेचे भाडे, समजा दोन लाख, तेही मंडळीच्या नावे मांडले जाते. म्हणजे आता तीस हजार तबकड्या खपल्या पाहिजेत. या अवधीत कंपनी मात्र पहिल्या तबकडीपासून आपला नफा घेत असते. आणि गंमत पुढेच आहे : सगळी उचल फिटली तरी मूळ मुद्रण बहुधा कंपनीच्याच मालकीचे राहते. कर्ज फेडले तरी घर सावकाराचेच! तेव्हा ‘स्वतंत्र’ हा शब्द या धंद्यात ऐकला की पाटीकडे पाहू नये. हिशेबाची वही कोणाकडे आहे, ते विचारावे.

यश आले तसे ताणही वाढले. दौऱ्यांमागून दौरे झाले. काळे-गोरे एकत्र वाजवितात म्हणून त्यांच्या मैफलींत दंगा करण्यासाठी वंशद्वेष्टे मुद्दाम येत. गोल्डिंगवर १९८० साली लंडनमध्ये वंशद्वेष्ट्यांनी हल्ला केला. त्यावर त्याने शिवी न देता एक प्रश्न विचारणारे गाणे रचले. केंब्रिजच्या मैफलीत गोंधळ झाला तेव्हा तो आवरू पाहणाऱ्या डॅमर्स आणि हॉल यांनाच चिथावणीच्या आरोपाखाली दंड झाला. सभेत दंगल दुसरा करतो आणि खटला वक्त्यावर होतो, हा अनुभव केवळ आपल्याकडचाच नाही, असे दिसते.

१९८१ च्या एप्रिलमध्ये खुद्द कॉव्हेंट्रीच्या भर बाजारपेठेत एका तरुण शीख विद्यार्थ्याचा वंशद्वेष्ट्यांनी भोसकून खून केला. स्पेशल्सनी २० जून रोजी आपल्याच शहरातील क्रीडांगणावर वांशिक ऐक्यासाठी मैफल केली. त्याच सुमारास त्यांची ‘घोस्ट टाउन’ ही तबकडी बाहेर पडली. लेमिंग्टन या शेजारच्या गावातील लहानशा मुद्रणशाळेत ती तयार झाली होती. दौऱ्यावर असताना डॅमर्सने ग्लासगोच्या रस्त्यात म्हाताऱ्या बायका आपल्या घरातल्या कपबश्या विकावयास घेऊन बसलेल्या पाहिल्या होत्या. बंद पडलेली दुकाने, बंद पडलेली नाचघरे, बेकार पोरे, हे सगळे त्या गाण्यात उतरले. एरवी नाचविणारा तो ‘आणि’वरचा ठोका येथे इतका संथ केला आहे की रिकाम्या रस्त्यावरून कोणी एकटा चालत असावा, असे वाटते. एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन पेटले होते; जुलैत लिव्हरपूल, मँचेस्टर, बर्मिंगहॅम येथे दंगली उसळल्या. आणि त्याच जुलैत तीन आठवडे देशात सर्वाधिक खपणारे गाणे हेच होते. सरकारी अहवाल पुढे निघाले. गाणे आधी निघाले होते.

आणि नेमक्या याच वेळी मंडळी फुटली. हॉल, स्टेपल आणि गोल्डिंग हे तिघे बाहेर पडले व त्यांनी ‘फन बॉय थ्री’ ही निराळी मंडळी काढली. बाहेरच्यांनी फोडली नाही, आतूनच फुटली. डॅमर्स रचनाकार, डॅमर्स संस्थापक, शेवटचा शब्दही डॅमर्सचा. दिशा त्याची होती, यात शंका नाही. पण बाकीच्या सहांनी आपले म्हणणे कोठे मांडावे, याची रीत नव्हती. आम्ही हे वाचले तेव्हा आम्हांला हसू आले नाही. एकच माणूस अर्ज लिहितो, तोच वाटाघाटीला जातो, तोच वर्गणी मोजतो, आणि सगळे म्हणतात, “तोच करतो ना, मग ठीक आहे”. अशा संघटना आम्ही पाहिल्या आहेत, आणि खरे सांगावयाचे तर एक आम्ही स्वतःच तशी चालविली आहे. ती संप जिंकून मोडली. हरलेला संप माणसांना पुष्कळदा एकत्र ठेवतो. जिंकल्यावर मात्र श्रेय आणि पैसा वाटावा लागतो, आणि वाटपाची रीत आधी ठरली नसेल तर भाऊ भावाचा राहत नाही.

डॅमर्सने उरलेल्यांना व नव्यांना घेऊन ‘द स्पेशल ए.के.ए.’ या नावाने काम चालू ठेवले. पुढची मोठी तबकडी पुरी होण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला, खर्च वाढत गेला, आणि वर सांगितलेल्या रीतीप्रमाणे तो सारा डोक्यावर बसला. तबकडी १९८४ साली निघाली. खपाने खर्च भरून निघाला नाही. थोड्याच काळात ‘टू टोन’चे कामही थांबले. व्यवहाराच्या दृष्टीने हा पराभव होय.

परंतु याच पराभवाच्या तबकडीत एक गाणे होते. १९८३ च्या जुलैत लंडनमध्ये नेल्सन मंडेला यांच्या पासष्टाव्या वाढदिवसानिमित्त मैफल झाली. डॅमर्स तेथे गेला आणि परत येऊन त्याने मंडेलांच्या सुटकेची मागणी करणारे गाणे रचले. मार्च १९८४ मध्ये ते निघाले आणि नवव्या क्रमांकापर्यंत गेले. मंडेला तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होते, आणि ब्रिटनमधल्या पुष्कळ तरुणांनी त्यांचे नाव पहिल्यांदा ऐकले ते नाचताना. डॅमर्स तेथे थांबला नाही. १९८६ साली वर्णद्वेषाविरुद्ध कलावंतांची संघटना उभारण्यात त्याने पुढाकार घेतला. ११ जून १९८८ रोजी वेम्ब्लेच्या मैदानावर मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाची जी प्रचंड मैफल झाली आणि दूरचित्रवाणीवरून देशोदेशी दिसली, तिच्यामागे याच कार्याचा हात होता. ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला सुटले. गाण्याने तुरुंगाचे दार उघडले असे आम्ही म्हणणार नाही. ते उघडले दक्षिण आफ्रिकेच्या लढणाऱ्या जनतेने, तेथील खाणकामगारांच्या संपांनी, जगाच्या बहिष्काराने. पण बहिष्कारासाठी नाव माहीत असावे लागते, आणि नाव पोचविण्याचे काम गाण्याने केले.

उरलेली कथा थोडक्यात सांगतो. २००९ साली, तीस वर्षांनी, मंडळी पुन्हा मंचावर आली, पण डॅमर्सवाचून. आपल्याला बाहेर ठेवले असे त्याचे म्हणणे, दार उघडेच होते असे इतरांचे. २०१५ साली रिको आणि ब्रॅडबरी दोघेही वारले. हॉल, गोल्डिंग आणि पँटर यांनी २०१९ च्या फेब्रुवारीत काढलेली ‘एन्कोर’ ही मोठी तबकडी पहिल्या क्रमांकावर गेली. तसे भाग्य त्यांच्या तरुणपणीच्या कोणत्याही मोठ्या तबकडीला लाभले नव्हते. १८ डिसेंबर २०२२ रोजी टेरी हॉल निवर्तला आणि मंडळी संपली.

तर आता त्या जुन्या कामगाराच्या प्रश्नाकडे वळू. ‘घोस्ट टाउन’ने एकही कारखाना उघडला नाही; उलट पुढच्याच हिवाळ्यात ब्रिटनमधील बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला. कॉव्हेंट्रीच्या त्या विद्यार्थ्याचे प्राणही मैफलीने परत आले नाहीत. गाणे पगार वाढवीत नाही, हे आम्ही कबूल करतो. पण ज्या गावात काम गेलेल्या गोऱ्या पोराला शेजारचा काळा पोर शत्रू म्हणून दाखविला जात होता, त्याच गावात ते दोघे एका मंचावर उभे राहिले, आणि खाली शेकडो पोरे एकाच ठोक्यावर उड्या मारू लागली. मागणीपत्र लिहिण्याच्या आधी माणसे शेजारी शेजारी उभी राहावी लागतात. ते काम डफाचे आहे. त्यानंतरचे काम, म्हणजे वही उघडी ठेवणे, वाटा आधी ठरविणे आणि शेवटचा शब्द एकाकडेच न ठेवणे, हे डफ करीत नाही. ते आपण करावयाचे असते. स्पेशल्सना पहिले साधले, दुसरे साधले नाही. तो कामगार पुन्हा भेटला तर आम्ही त्याला एवढेच सांगू.